‘अख्खा महिना’ नव्हे, नऊ तास

नमस्कार. आमच्या पत्रकारिता प्रवेशवर्गाबद्दल तुम्ही लिहिलेलं काल रात्री वाचलं. एक तारा, आणि खाली: ‘पत्रकारितेच्या नावाखाली अख्खा महिना शाळेतलं व्याकरण. मोबाईल आपोआप दुरुस्त करतो ते शिकायला साडेसात हजार कशाला? माझी बातमी सगळ्यांसमोर वाचून हसं केलं. झेरॉक्स जुन्या, जिन्यात अंधार.’

तुमचं हसं झालं, त्याबद्दल आधी मनापासून माफी मागतो. ते वाक्य मी नाव न घेता वाचलं होतं, पण दहा जणांच्या वर्गात वाक्य कोणाचं ते सगळ्यांना कळतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आणि मीही हसलो, हे खरं आहे. सॉरी.

पण ‘अख्खा महिना’ हे मात्र मला सोडवत नाही. काल रात्रीच हजेरीपत्रक काढून बसलो. आपला वर्ग सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी ६ ते ७.३०. बारा आठवडे, म्हणजे दीड-दीड तासाची छत्तीस सत्रं; शाळेसारखं त्या प्रत्येकाला मी ‘तास’ म्हणतो. त्यातले व्याकरणाचे नऊ. पहिल्या महिन्यातले उरलेले तीन तास बातमीचेच होते: कोण, काय, कुठे, कधी, का, कसे हे सहा ककार, इंट्रो (बातमीची सुरुवात) आणि उलटा पिरॅमिड, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं आधी. बारापैकी नऊ म्हणजे पुष्कळ झाले, असं तुम्ही लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. ‘अख्खा’ नाही. मोजता येतं ते मोजून लिहावं, हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितो. तुमच्या हजेरीबद्दल इथे चारचौघांत बोलणं मला शोभणार नाही. एवढंच सांगतो की त्या नऊपैकी पाच तासांना तुम्ही होतात, आणि त्यातल्या दोनांना ६.२५ नंतर.

हे नऊ तास कशासाठी, ते वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगतो, कारण कालपासून दोन पालकांनी फोनवर तेच विचारलं. आपण कोल्हापुरात राहतो. पावसाळ्यात इथल्या नवख्या वार्ताहराची पहिली बातमी बहुतेक वेळा पंचगंगेचीच असते. म्हणून सरावाला मी पुराची टिपणं देतो. दर बॅचला येणारं वाक्य हे असं: ‘पूराचे पाणी पूलावर आल्याने पोलीसांनी वाहतूक बंद केली, पंचगंगा ३९ फूटांवर, धोक्याची पातळी ओलांडली.’ यात शुद्धलेखनाच्या चार चुका दिसतात, पण चूक एकच आहे. पूर, पूल, पोलीस, फूट यांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ. प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होतं. पुराचे, पुलावर, पोलिसांनी, फुटांवर. हा एक नियम बसला की निम्मी कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, साफ होते. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार मिळून नियम मोजून अठरा आहेत, मी घासून घेतो ते त्यातले सहा-सात. आणि त्या वाक्यातली पाचवी चूक व्याकरणाची नाहीच. पंचगंगेची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, धोका पातळी ४३. शिवाय ३९ वर पाणी आलं की पातळी ‘गाठली’, ‘ओलांडली’ नव्हे. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीतला माणूस घरातलं सामान माळ्यावर टाकायचं की गुरं सोडून बाहेर पडायचं, ते त्या एका शब्दावरून ठरवतो.

तुमचं वाक्य होतं: ‘चार दिवस उपाशी असलेल्या आमदारांनी जनावरांना चारा वाटला.’ त्यात एकही अक्षर ऱ्हस्व-दीर्घाला चुकलेलं नाही. मोबाईल त्याला काय दुरुस्त करणार? विशेषण उचलून जनावरांच्या आधी ठेवायचं, बस. त्याला मी व्याकरण म्हणतो. शाळेतलं म्हणा हवं तर.

मोबाईलवरून आठवलं. खरं तर हे मी वर्गात कधी सांगत नाही. एका दैनिकात मी एकोणीस वर्षं डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासण्यात, काढली, बहुतेक रात्रपाळीत. एकदा तालुक्याच्या वार्ताहराची सिंगल कॉलम बातमी आली, मथळा ‘कोयता लागून ऊसतोड मजुराची शिर कापली’. पान छपाईला सोडायला सात मिनिटं होती. मला वाटलं, ‘शिर’ तर नपुंसकलिंगी, आणि मी मोठ्या ऐटीत ‘मजुराचे शिर कापले’ केलं. बिचाऱ्या वार्ताहराने लिंग बरोबर लिहिलं होतं, वेलांटी चुकली होती. हाताची शीर कापली होती, चार टाके पडले होते. मजकूर मी उघडलाच नव्हता. कात्रणाचा फोटो बीडकडे मजुराच्या गावी गेला आणि त्याचे भाऊ रातोरात जीप करून प्रेत न्यायला निघाले. दुसऱ्या दिवशी तीन ओळींचा खुलासा मीच लिहिला. शिर आणि शीर, दोन्ही शब्द खरे आहेत, कुठलाही मोबाईल त्याखाली लाल रेघ ओढत नाही.

असो. फार लांबलं. माझे विद्यार्थी म्हणतील, सर, इंट्रो पाचव्या परिच्छेदात आला.

झेरॉक्सबद्दलचं म्हणणं मान्य. पोलीस ठाण्याच्या बातमीच्या टिपणात अजून ‘भादंवि’ (भारतीय दंड विधान) छापलेलं आहे. १ जुलै २०२४ पासून त्याजागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, ते मी पेनाने खोडून देत होतो. नवीन टाइप करून घेतो. व्याकरणाचे तास सलग न घेता बातमीबरोबर थोडे मिसळून घ्यावेत असंही मनात आहे, पुढच्या बॅचपासून बघू कसं जमतं ते. वाक्यं वाचायची तर जुन्या बॅचची वाचीन. फीबद्दल मात्र काही करता येणार नाही. राजारामपुरीत दोन खोल्यांचं भाडं, वर्तमानपत्रांचं बिल आणि दोन पाहुण्या वार्ताहरांचं मानधन त्यातूनच जातं. नोकरी लावून देतो असं मी कुठेच, कधीच म्हटलेलं नाही. तसं तुम्हीही म्हटलेलं नाही, पण खाली कोणीतरी विचारलंय म्हणून लिहिलं.

पुढच्या बॅचच्या बारा जागांपैकी चारच भरल्या आहेत. तारा काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण ‘अख्खा’ तेवढा बदललात तर बरं वाटेल.

तुमची शेवटची कॉपी माझ्या फायलीत आहे, शिरोळच्या ऊसदर आंदोलनाची. चौदा ओळी, त्यातल्या दोनच मी हलवल्या आहेत, इंट्रोला हात लावलेला नाही. त्या शुक्रवारी तुम्ही आला नाहीत म्हणून द्यायची राहिली. सोमवार-बुधवार सहाच्या आधी कधीही येऊन घेऊन जा. जिन्यातला दिवा घरमालकाला दोनदा सांगून झालाय, आता मीच बसवतो. तोवर डाव्या बाजूने चढा, उजवीकडची तिसरी पायरी तुटलेली आहे.