मराले कोणी जात नाही बे

सकाळी टपरीवर कोणीतरी बेंगळुरूचा व्हिडिओ लावला. चिन्नास्वामी स्टेडियमबाहेरचा, ४ जून २०२५. आरसीबीची पहिली आयपीएल ट्रॉफी अन् गेटवर गर्दीत चेंगरून ११ जीव गेले. व्हिडिओ संपायच्या आत एक जण म्हणे, "काहून गेले बे तिथं? मराले?" सगळे हसले. मी चहा तसाच ठेवून निघालो.

अकरा वर्षांचा होतो मी. गावात रात्रीचे कबड्डीचे सामने. मैदानाला तट्ट्यांचं कुंपण, आत जायला एकच वाट, एक बैलबंडी जेमतेम निघेल एवढी. फायनलच्या वेळी आतून ओरडा उठला अन् मागचे सगळे एकदम रेटले. मी कोणाला ढकललं नाही. माझे पाय जमिनीवरून सुटले. समोरच्याच्या पाठीला छाती चिकटली, त्याच्या बनियानला खर्र्याचा वास. ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना.

लोकांना वाटते माणसं तुडवल्यामुळंच मरतात. अरे, उभ्याउभ्या मरतात. छाती फुगायला जागा राहत नाही.

इंग्लंडात १९८९ साली हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानात हेच झालं. बाहेरची गर्दी मोकळी करायला पोलिसांनी गेट उघडलं, आतले जाळीचे कप्पे आधीच ठासून भरलेले. ९७ जीव गेले. वर बोंब काय, तर प्रेक्षक दारू पिऊन आले होते! प्रेक्षकांचा दोष नव्हता हे ज्युरीच्या तोंडून ऐकायला घरच्यांना २०१६ उजाडावं लागलं. २७ वर्षं!

बरं, इंग्लंड राहू द्या. नागपूर तर दूर नाही? २३ नोव्हेंबर १९९४. विधानभवनावर मोर्चा घेऊन गेलेले गोवारी समाजाचे ११४ जण चेंगराचेंगरीत गेले, परत आले नाहीत, त्यात बहुतेक बाया अन् लेकरं. तेही मराले गेले होते का?

मान्य, रांग आपल्याला जमत नाही. एसटीच्या खिडकीतून दुपट्टा टाकून सीट धरणारे आपणच. पण मैदानाला वाट एकच ठेवायची हे त्या अकरा वर्षांच्या पोराने ठरवलं होतं का?

जोक मारणारा माझा मित्रच आहे. वाचेल हे. वाच.

मला एका माणसानं बखोट धरून तट्ट्यावरून पलीकडे टाकलं. कोण होता, आजवर माहीत नाही. एक चप्पल आतच राहिली. घरी बाबांनी चपलेपायी दोन ठेवून दिल्या. काय झालं ते मी सांगितलंच नाही, मलाही वाटलं चूक आपलीच. सकाळी आई मैदानावर शोधायला गेली. म्हणे, चपलांचा हा ढीग पडला होता, पण तुझी काही दिसली नाही.