आवळा, पंप आणि पांढऱ्या पेशी : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार सर,

मुलांच्या दम्यावरील माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, पांढऱ्या पेशी शरीराचे रक्षण करतात, मी त्यांनाच दोषी ठरवले. शिवाय दम्यात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिडंट रसायनांचा अतिरेक) असतो हे मान्य करूनही मी आवळ्याऐवजी स्टेरॉइडच्या पंपाची (इन्हेलरची) भलामण केली. आपल्या नातवाच्या रिपोर्टात इओसिनोफिल हा पांढऱ्या पेशींचा प्रकार १२ टक्के आला आहे, त्यामुळे आपली कळकळ मी समजू शकतो.

पॅथॉलॉजिस्ट म्हणून या पेशी मी रोज पाहतो. रंग दिलेल्या काचपट्टीवर इओसिनोफिल चटकन ओळखू येते: दोन पाळ्यांचे केंद्रक आणि भोवती गच्च भरलेले केशरी-तांबूस कण. या कणांत जंतांना मारणारी प्रथिने असतात आणि पेरॉक्सिडेज नावाचे विकरही (एन्झाइमही) असते. पेशी चेतली की ती ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड तयार करते, त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड होते आणि हे विकर ब्रोमाइड वापरून त्यापासून हायपोब्रोमस आम्ल बनवते. न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी क्लोराइड वापरून हायपोक्लोरस आम्ल बनवतात. गावच्या टाकीत टाकलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जंतू मारते ती याच आम्लामुळे. पोटात जंत असताना हा मारा उपयोगीच आहे. ॲलर्जीच्या दम्यात मात्र मारण्याजोगे काही नसतानाही इंटरल्यूकिन-५ हा संदेश इओसिनोफिलांना बोलावत राहतो, त्यांचा सगळा मारा श्वासनलिकेच्या अस्तरावर होतो, अस्तर सोलवटते आणि नळी जराशा धुराने किंवा थंड हवेनेही आवळली जाते. म्हणजे पेशी रक्षकच आहेत, पण नको त्या ठिकाणी जमल्या आहेत.

आता आवळा. त्यातले व्हिटॅमिन सी ऑक्सिडंट शमवेल, हा आपला तर्क सरळ आहे, पण व्हिटॅमिन सी आणि ई देऊन दमा आटोक्यात येतो, असा भरवशाचा पुरावा चाचण्यांतून मिळालेला नाही. जादा व्हिटॅमिन सी लघवीवाटे निघून जाते आणि इकडे चेतलेल्या पेशी नवे ऑक्सिडंट सोडतच राहतात. पंपातले स्टेरॉइड पेशींना बोलावणारे संदेश कमी करते आणि जमलेल्या इओसिनोफिलांचे आयुष्य घटवते, म्हणजे मूळच आवरते. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. दीर्घकाळ घेतल्यास प्रौढपणीची उंची साधारण १ सेंटीमीटरने कमी राहू शकते, हे मी लपवणार नाही. पण वारंवार दमा उठून तोंडावाटे स्टेरॉइड द्यावे लागण्यापेक्षा हे मला कितीतरी सुरक्षित वाटते. आवळा जरूर खाऊ घाला, फक्त त्याच्या भरवशावर पंप बंद करू नका.

आपल्या भागात मला खरी काळजी वाटते ती धुळीची आणि धुराची. बार्सिलोनाच्या बंदरात १९८० च्या दशकात दम्याचे उद्रेक वारंवार होत होते. शोध घेतल्यावर कारण निघाले जहाजातून सोयाबीन उतरवताना उडणारी टरफलांची धूळ, आणि कोठारावर गाळण्या बसवल्यावर उद्रेक थांबले. लातूर, नांदेड, परभणीकडे सोयाबीनची रास चालू असताना लेकरे गुळीच्या ढिगाऱ्यावर खेळतात, तेव्हा मला ही गोष्ट आठवते. त्यात घरी पऱ्हाट्या-तुराट्यांची चूल असली की धुरातले ऑक्सिडंट थेट फुप्फुसात जातात. धूम्रपान करणाऱ्या दमेकऱ्यांवर स्टेरॉइडचा परिणाम कमी होतो हे सिद्ध झालेले आहे, त्यामुळे घरात कोणी बिडी ओढत असेल तर ती मुलापासून दूर राहिलीच पाहिजे.

राहिला नातवाचा रिपोर्ट. इओसिनोफिल साधारण ६ टक्क्यांपर्यंत असतात; १२ टक्के जास्त आहेत, पण तेवढ्यावरून दमा ठरत नाही, कारण जंतांमुळेही ते वाढतात. शौचाची तपासणी करून घ्या. रात्रीचा खोकला आणि छातीतली घरघर यांची नोंद डॉक्टरांना दाखवा. पंप सुरू केला तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावूनच द्या आणि प्रत्येक वेळी चूळ भरायला लावा. बोलताना धाप लागत असेल किंवा श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्या.