फुटलेला पांढरा रस्सा

हॉटेलात शेजारच्या टेबलावर एक माणूस हमखास असतो. थालीपीठ समोर आलं रे आलं की तो म्हणणार, "एवढ्या पैशात घरी सगळ्यांचं झालं असतं." हा माणूस आमच्या नात्यातही आहे, म्हणून जरा जपून लिहितोय. पण बाबा रे, घरी कधी केलंस का?

मी करतो. नोकरी बँकेत, स्वयंपाक हौसेचा, रविवारी ओटा माझ्या ताब्यात. आणि महिन्यातून दोन-तीनदा बाहेर जेवतो, तेही अजिबात मन न खाता. बाहेर जे बिल भरतो ते मी शिकवणीच्या खात्यात धरतो.

गेल्या वर्षी कोल्हापूरला एका लहानशा खानावळीत मटणाचं ताट घेतलं. तांबडा चांगलाच होता, पण जीव अडकला पांढऱ्यात. तीन वाट्या प्यायलो, चौथी मागायला लाज वाटली. पुण्याला परत आल्यावर पहिल्याच रविवारी घाट घातला. अर्धा किलो मटण हळद न घालता शिजवून अळणी पाणी काढलं, खसखस, तीळ, काजू भिजवून गंधासारखे वाटले, एका नारळाचं दाट दूध पिळलं. तुपात लवंग, दालचिनी, वेलची, हिरवी मिरची. वास असा सुटला की शेजारच्यांनी बेल वाजवून चौकशी केली. मग मी नारळाचं दूध ओतलं, गॅस मोठा केला आणि कांदा चिरायला वळलो. परत बघतो तर वर तेलाचे डोळे, खाली चोथा. मुलगी म्हणाली, "बाबा, हा रस्सा आहे की पनीर?"

पुढच्या खेपेला त्याच खानावळीत गेलो आणि वाढणाऱ्या मावशींना सरळ सांगून टाकलं. त्या हसल्या. "दूध घातल्यावर खदाखदा उकळलासा व्हय? मग फुटणारच की! बारीक गॅसवर नुसतं गरम करायचं, डाव फिरवत ऱ्हायचं." एवढंच. आता फुटत नाही. त्यांच्या वाटीइतका गुळगुळीत मात्र अजून होत नाही, वाटण कपड्यातून गाळायला हवं बहुतेक.

काही गोष्टींचा नाद मी सोडलाय. बटाटेवडा बाहेरचाच. त्या भल्यामोठ्या कढईत वीस वडे सोडले तरी तेल थंड पडत नाही, आमच्या कढईत चार सोडले की तेलच गारठतं आणि वडे तेल पितात. तंदुरी रोटीचंही तेच, भट्टीची धग घरच्या गॅसला कुठून येणार?

उलट भाकरी. बऱ्याच हॉटेलांत ती थंड आणि कडक येते, काठ तर बिस्किटासारखे मोडतात. घरची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते, तिच्याशी कुणाची बरोबरी? अर्थात, मला ती थापायला दोन वर्षं लागली. आधी वाटायचं आपलाच हात वाईट. मग आईने पीठ चिमटीत घेऊन बघितलं आणि म्हणाली, "अरे, विरी गेलीय याची, चिकटपणाच उरला नाही. कधी दळलंस?" दीड महिना झाला होता. आता ज्वारी थोडीथोडीच दळून आणतो, आणि पीठ जुनं असलंच तर कढत पाण्यात मळतो. तेव्हापासून हॉटेलातली भाकरी तुटली तर वेटरवर चिडत नाही, मनात म्हणतो, डबा जुना दिसतोय.

आणि आमटी. चिंच-गूळ, गोडा मसाला घातलेली तुरीची आमटी बाहेर खाऊन मी कधीच खूश झालेलो नाही. प्रत्येक घराचा गोडा मसाला वेगळा, आणि जीभ आपल्याच डब्याला चिकटलेली. यात हॉटेलवाल्याचा काय दोष?

पुढच्या महिन्यात नागपूरला जायचंय. सावजी रस्सा खायचा, दोन-तीन ठिकाणी, आणि त्या काळ्या मसाल्याचं काही कळतंय का बघायचं. नागपूरकरांनो, जवसाच्या तेलात करणारं कुणी अजून असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. परत आल्यावर घरी प्रयोग होणार हे उघड आहे. बायकोने आत्तापासूनच बजावलंय, त्या दिवशी ती माहेरी असेल आणि खिडक्या सगळ्या उघड्या ठेवायच्या.