शुगरच्या गोळीनं किडनी जात नाही

कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणणं असं: शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते, सरकारी दवाखान्यातली गोळी म्हणजे नुसता खडू, तेव्हा गोळ्या-इंजेक्शनं बंद करा, साखरेऐवजी गूळ खा, रोज कारल्याचा रस प्या, शुगर मुळापासून जाईल. हे वाचून माणसं खरंच गोळ्या सोडतायत, म्हणून लिहितोय.

आधी किडनी. सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी मेटफॉर्मिन. १९५७ पासून ती वापरात आहे आणि ती किडनी बिघडवत नाही. किडनी आधीच फार कमजोर झाली असेल, तर मात्र ही गोळी शरीराबाहेर नीट पडत नाही, म्हणून डॉक्टर ती थांबवतात. घरच्यांना दिसतं एवढंच, की गोळी चालू होती, किडनी गेली आणि डॉक्टरांनी गोळी बंद केली. आळ गोळीवर येतो. नुकसान केलेलं असतं वर्षानुवर्षं चढ्या राहिलेल्या शुगरनं आणि बीपीनं. ब्रिटनमध्ये पाच हजारांवर रुग्णांचा दीर्घ अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९८ साली आले. गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन ज्यांनी शुगर काटेकोर ठेवली, त्यांच्यात डोळे-किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते.

गुळाचं सांगायचं तर आपल्या गुळाचा मलाही अभिमान आहे, पण त्यातही मुख्यतः साखरच असते. कारल्याची भाजी खुशाल खा. गोळीची जागा रस घेऊ शकत नाही.

'इंजेक्शनं बंद करा' हे वाक्य मात्र जिवावर उठणारं आहे. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. त्याचं इंजेक्शन थांबलं, तर एक-दोन दिवसांत पोर अत्यवस्थ होऊ शकतं.

आता सरकारी गोळी. औषध तेच, फक्त ब्रँडचं नाव नसतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत. लोकांचा राग मला कळतो, कारण गोळ्या आठवड्याच्याच मिळतात, कधी साठा संपलेला असतो, आणि प्रत्येक खेपेला रोजगार बुडतो. पण हा दोष पुरवठ्याचा आहे आणि तो दुरुस्त होतो. २०१७च्या अखेरीस सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण प्रकल्पात आपल्या शेजारचा सिंधुदुर्ग आणि सातारा होते. ठरलेली उपचारपद्धती, एकदम महिन्याच्या गोळ्या, प्रत्येकाचं कार्ड, आणि जो आला नाही त्याला फोन, असं ते काम. शुगरला हेच हवं. आशाताई तिशीपुढच्यांचे फॉर्म भरतात, उपकेंद्रात बोटातून रक्त तपासलं जातं, नाव नोंदलं जातं. पुढच्या महिन्यात तो माणूस आला नाही, तर त्याला शोधायचं कुणी?

आणखी एक काम बिनखर्चाचं आहे. उसात अनवाणी राबणाऱ्याच्या पायाची संवेदना शुगरनं गेली, की घुसलेलं कुसळ त्याला कळतच नाही. जखम चिघळून वास यायला लागल्यावर घरचे त्याला सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, नेतात, तेव्हा बोट किंवा पाऊल वाचवायची वेळ कधी कधी टळून गेलेली असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येक शुगरवाल्याचे तळवे, बोटांच्या बेचक्या वर्षातून एकदा तरी बघायला दोन मिनिटं लागतात. तुमच्या केंद्रात बघत नसतील, तर स्वतःहून चप्पल काढून पाय पुढे करा. आणि त्या मेसेजमुळे घरात कुणी गोळ्या सोडल्या असतील, तर या आठवड्यातच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.