लिनक्समुळे फॅन बंद पडत नाही

‘लिनक्स टाकलं की लॅपटॉपचा फॅन बंद पडतो, बोर्ड जळतो’ असा मेसेज सांगलीत फिरतोय. हे खरं नाही. लिनक्स ही विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम. बहुतेक लॅपटॉपांत फॅन चालवते ती मदरबोर्डावरची वेगळी चिप, एम्बेडेड कंट्रोलर. थिंकपॅडवर (लेनोवोचे लॅपटॉप) तर लिनक्समधून फॅनचा वेग हाताने बदलायची सोय मुळात बंदच असते; ड्रायव्हरला ‘fan_control=1’ ही सेटिंग दिल्याशिवाय ती उघडत नाही. उघडलीत, तर काम झाल्यावर आठवणीने ‘ऑटो’वर ठेवा, जपायचं ते एवढंच.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवरचा, फॅन बंद पडलेला एक लिनक्सवाला लॅपटॉप मी परवा खोलला. फॅनच्या तोंडाशी पिवळ्या धुळीचा जाड थर! ब्रशने काढला, लिनक्स तेच ठेवलं, फॅन फिरू लागला. तुमचाही फॅन बंद वाटला, तर आधी टर्मिनलमध्ये ‘sensors’ ही कमांड देऊन तापमान बघा. मशीन थंड असताना फॅन थांबलेला दिसला तरी घाबरू नका.