टोकावरचा थेंब

सुंठीवाचून खोकला जातो म्हणतात. माझ्याकडे सर्दीवाचून शेंबूड येतो. घरून निघताना नाक अगदी कोरडं असतं. धावायला लागून पाच मिनिटं होत नाहीत तोच डावी नाकपुडी गळू लागते, मग तिचं बघून उजवी. घामाचा अजून पत्ता नसतो.

डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. आत येणारी हवा गरम आणि दमट करायची हे नाकाचं कामच. फुप्फुसांना ती ३७ अंशांची आणि जवळपास १०० टक्के दमट लागते. धावताना तुम्ही हवा जास्त ओढता, त्यात ती थंड आणि कोरडी असली की नाकाला पाणी जास्त सोडावं लागतं. वाऱ्याने डोळ्यांत आलेलं पाणीही आतल्या नळीतून नाकातच उतरतं." थोडक्यात, माझ्या अख्ख्या देहात मन लावून व्यायाम करणारा अवयव एकच. फारच झालं तर धावण्याआधी नाकात मारायचा इप्राट्रोपियमचा फवारा असतो म्हणे. पण एवढ्या कष्टाळू नाकाला गप्प बसवायला जीव होत नाही.

मग उरतो रुमाल. खिशातून काढेपर्यंत उशीर झालेला असतो. हातात धरला तर दोन किलोमीटरनंतर त्याचा एक कोपरा कोरडा सापडत नाही. कागदी रुमालाचा दुसऱ्याच पुसण्यात लगदा होतो आणि तो मिशीत अडकतो. सायकलच्या हातमोज्यांना अंगठ्यावर टॉवेलसारखा मऊ तुकडा असतो, तो कशासाठी हे कळलं त्या दिवशी मला गहिवरून आलं. एक नाकपुडी दाबून दुसरी रस्त्यावर शिंकरण्याचा प्रयोग मी एकदाच केला. वारा समोरून होता.

पण धावताना निदान तोंड फिरवता येतं. व्यायामाच्या वर्गात प्लँक करताना, म्हणजे पालथं होऊन कोपरांवर आणि चवड्यांवर अंग ताठ तोलून धरताना, तीही सोय नाही. कोपरं जमिनीला, पोट थरथरतंय आणि नाकाच्या शेंड्यावर थेंब जमतोय. तो फुगतो, लोंबतो, त्यात छतावरची ट्यूबलाइट उलटी दिसते. वर ओढावा तर शांत हॉलभर सुर्रर्र ऐकू जाणार. हात उचलावा तर तोंडावर आपटणार. मी श्वास रोखला.

"अजून दहा सेकंद! श्वास सोडा, काका!" सर माझ्या डोक्याशी येऊन ओरडले.

सोडला. चटईवर टप्प.

"बघा रे," सर सगळ्या पोरांना म्हणाले, "या वयात घाम कसा गाळतायत!"