आकडा ०.३ आला म्हणून पाणी रांगेत उभं राहत नाही

मावशीने एक व्हिडिओ पाठवला आणि खाली विचारलं, "तू हेच काम करतेस ना गं?" नाही, मावशी. माझ्या कामातले शब्द तेवढे त्यांनी उचललेत.

दावा असा: चुंबक लावलेल्या बाटलीत पाण्याचे रेणू एका दिशेला वळतात आणि त्याचं 'लिक्विड क्रिस्टल' (वाहतं, पण ज्याचे रेणू एका दिशेत लागलेले असतात असं द्रव्य) होतं. ध्रुवित प्रकाशात (ज्याच्या लहरी एकाच दिशेत डोलतात) ते रंगीत दिसतं. ध्रुवित फ्लुरोसन्स (प्रकाश टाकल्यावर पदार्थ देतो ती चमक) मोजणाऱ्या यंत्रावर आकडा ०.०२ वरून ०.३ वर गेला, हा पुरावा. आणि हे पाणी पिणाऱ्याला बीपीच्या गोळ्या लागत नाहीत.

रंगांचं आधी उरकते. प्लास्टिकचा ग्लास एलसीडी स्क्रीनसमोर धरलाय, कॅमेऱ्यावर पोलरायझर (एकाच दिशेतला प्रकाश सोडणारी गाळणी) आहे. साच्यात घडताना प्लास्टिकमध्ये राहिलेला ताण असाच रंगीबेरंगी दिसतो. पाणी ओतून द्या, रंग तिथेच राहतील.

खरी लबाडी आकड्यात आहे. दृश्य प्रकाशात पाणी स्वतः चमकत नाही, त्यात फ्लुरेसिनसारखं रंगद्रव्य घालावं लागतं. ध्रुवित प्रकाश टाकला की त्या दिशेशी जुळणारे रंगद्रव्याचे रेणू जास्त उत्तेजित होतात. मग त्या दिशेतली आणि काटकोनातली चमक मोजून दोन्हींतल्या फरकाचा आकडा म्हणजे अ‍ॅनिसोट्रॉपी काढतात. फ्लुरेसिन उत्तेजित राहतं सरासरी ४ नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग), पण साध्या पाण्यात नॅनोसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यातच रेणू भलतीकडे वळलेला असतो. म्हणून आकडा शून्याजवळ. आता त्यात भरपूर ग्लिसरीन ओता: वळणं मंदावतं, आकडा चढतो. रेणू वाट्टेल तसे विखुरलेले असले, फक्त जागच्या जागी गोठलेले असले, तरी तो ०.४ पर्यंत जाऊ शकतो! फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्सिस पेरँ यांनी हे गणित १९२६ मध्येच मांडलंय. पाणी गढूळ असेल आणि विखुरलेला प्रकाश फिल्टरमधून निसटला, तरी आकडा फुगतो. म्हणजे ०.३ वरून रांग सिद्ध होतच नाही.

रांग दाखवायची तर नमुना फिरवावा लागतो. आम्ही काचेवर पॉलिइमाइड या प्लास्टिकचा पातळ थर देतो, तो मखमली कापडाने एकाच दिशेने घासतो आणि दोन काचांमधल्या काही मायक्रॉनच्या फटीत रंगद्रव्य मिसळलेलं नेमॅटिक (लांबट रेणू एका दिशेत राहणारं लिक्विड क्रिस्टल) भरतो. लांबट रंगद्रव्य नेमॅटिकच्या रेणूंबरोबर घासलेल्या दिशेत पडून राहतं. मायक्रोस्कोपचा स्टेज ९० अंश फिरवला की उजेड मावळतो, आणखी ९० फिरवला की परततो. रंगद्रव्य किती प्रकाश शोषतं याच्या मोजमापातून सरासरी कल किती तेवढंच कळतं. फ्लुरोसन्समधून रेणू त्या दिशेभोवती कसे पसरलेत याचाही अंदाज येतो. व्हिडिओत नमुना एकदाही फिरवलेला नाही.

पाण्यात 'टिकणारी रचना'? २००५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या मोजमापानुसार द्रव पाण्यातल्या हायड्रोजन बंधांच्या जाळ्याची स्मृती सुमारे ५० फेम्टोसेकंदांत (फेम्टोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग) पुसली जाते. बाटलीतून घशापर्यंत काय टिकणार?

एक मात्र नाइलाजाने मान्य करते. पाण्यात साबण पुरेसा दाट केला की खरंच लिक्विड क्रिस्टल तयार होतं, आणि पेशीचं पटलही त्याच जातीचं. पण तिथे रांग लावतात साबणाचे आणि मेदाचे रेणू. त्यात चुंबकाचं कर्तृत्व शून्य.

गोळ्यांबद्दल एवढंच: अख्ख्या व्हिडिओत एकाही माणसाचं बीपी मोजलेलं नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही.